रेझिनचं किट जोडताय? मग गोंदाची बाटली सगळ्यात शेवटी उघडा

रेझिनच्या मिलिटरी गाड्यांच्या छोट्या मॉडेलांची किट्स मी बरीच वर्षं जोडतोय, मोडलेली दुरुस्तही करतोय, आणि नव्याने सुरू करणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की हे प्लॅस्टिकचं किट नाही, त्याला तसं धरू नका. प्लॅस्टिकचं किट स्टीलच्या साच्यात दाबाने भरून काढलेलं असतं, पार्ट एकमेकांत बसतात, खुंटी असते, भोक असतं. रेझिनचं किट म्हणजे कोणीतरी हाताने एक मास्टर, म्हणजे मूळ नमुना, बनवला, त्याच्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा केला आणि त्या साच्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन मिसळून ओतलं. साचा रबराचा, म्हणजे दर ओतणीला तो थोडाथोडा थकत जातो, कडा फाटतात, हवा अडकते, पार्ट पूर्ण कडक व्हायच्या आत बाहेर काढला तर वाकतो. त्यामुळे एकाच किटच्या दोन डब्यांत फरक निघू शकतो. थोडक्यात काय, कारखान्यातलं शेवटचं बरंच काम आपल्या टेबलावर येतं, सरळ करणं, कापणं, भरणं, मापात आणणं, आणि ते न करता गोंद लावला की पुढचं सगळं वाकडंच होत जातं.

हे मी शिकलो ते १/४८ स्केलच्या एम८ ग्रेहाउंडवर. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सहा चाकी चिलखती गाडी, ३७ मिलिमीटरची तोफ, वरून उघडं टरेट, म्हणजे तोफेचा फिरता मनोरा, फार देखणी गाडी आहे. खालचा भाग दिसायला सरळ होता म्हणून मी तिन्ही ॲक्सल सुपरग्लूने चिकटवून टाकले, दुसऱ्या दिवशी चाकं लावली आणि गाडी काचेवर ठेवली तर पुढचं डावं चाक हवेत. जेमतेम अर्धा मिलिमीटर असेल, पण १/४८ मधला अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीचे २४ मिलिमीटर, आणि जवळजवळ आठ टनांची गाडी सपाट जमिनीवर एक चाक असं उचलून उभी राहत नाही, बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी चुकलंय हे लगेच जाणवतं. ती गाडी मी पुढे सोडवली कशी ते खाली दुरुस्तीत सांगतो.

डबा उघडल्यावर

सगळे पार्ट ट्रेमध्ये काढा आणि सूचनापत्राशी एकेक ताडून बघा. रेझिन किटमध्ये एखादा पार्ट गायब असणं, किंवा कोपरा भरलाच गेला नाही असं असणं, ही रोजची गोष्ट आहे आणि बनवणारे बहुतेक जण लगेच कळवलं तर बदलून देतात, पण तुम्ही अर्धं किट कापून बसल्यावर विचारलंत तर त्यांनाही कठीण जातं.

मग व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि मोठे पार्ट मोजा. हिशोब सोपा आहे, खऱ्या गाडीचं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि स्केलच्या आकड्याने भागायचं. टी-३४ रणगाडा ३ मीटर रुंद, ३००० भागिले ३५ म्हणजे ८५.७ मिलिमीटर. विलीज जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर, १/३५ मध्ये ते ५८ मिलिमीटर यायला हवं. ग्रेहाउंड ५ मीटर लांब आणि २.५४ मीटर रुंद, १/४८ मध्ये साधारण १०४ आणि ५३. रेझिन कडक होताना किंचित आक्रसतं आणि सिलिकॉनही आक्रसतं, म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. पण हलचा, म्हणजे गाडीच्या धडाचा, खालचा भाग एका मापाचा आणि वरचा भाग वेगळ्याच मापाचा असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. आणि चोरून दुसऱ्याच्या किटवरून साचा काढलेली किट्स असतात त्यांच्यात हा फरक जास्त दिसतो कारण आक्रसलेल्यावरून परत आक्रसलेलं काढलेलं असतं, डिटेलही बोथट झालेलं असतं. अशी किट्स घेऊ नका. ज्याने महिनोन्महिने बसून मास्टर बनवला त्याचे पैसे त्यालाच मिळाले पाहिजेत, नाहीतर पुढचं किट तो बनवणारच नाही.

धूळ, याच्यावर मी हट्टी आहे

रेझिनची धूळ खूप बारीक असते आणि फुप्फुसात गेली की त्रास देते. सुरुवातीची वर्षं मी तोंडाला काही न बांधता घासायचो आणि रात्री खोकला यायचा, तेव्हा मी त्याचा संबंधच लावला नव्हता. आता एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क घातल्याशिवाय मी करवत हातात घेत नाही, आणि घासायचं ते होता होईल तेवढं पाण्यात. एका पसरट भांड्यात पाणी, त्यात वॉटरप्रूफ पॉलिश पेपर, धूळ पाण्यातच राहते, पेपर चोंदत नाही आणि पृष्ठभागही जास्त गुळगुळीत येतो. काम झाल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, फुंकरही मारू नका. मोटरचं छोटं ग्राइंडर वापरणार असाल तर मास्क आणि चष्मा दोन्ही हवेतच.

धुणं

साच्यातून पार्ट सुटावा म्हणून साच्याला रिलीज एजंट फवारलेला असतो, तो पार्टवर तेलकट थर होऊन राहतो आणि त्याच्यावर ना गोंद धरतो ना रंग. कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण आणि जुना मऊ टूथब्रश, खाचाखोचा नीट घासायच्या, मग साध्या पाण्यातून काढून कागदावर वाळत ठेवायचं. बारीक पार्ट चहाच्या गाळणीत धुवा म्हणजे वाहून जाणार नाहीत. धुवूनही पार्ट बोटाला चिकट लागत असेल तर मात्र तो साबणाचा विषय नाही, मिश्रणाचं प्रमाण चुकलेलं असतं आणि ते रेझिन पुढेही नीट कडक होत नाही, असा पार्ट बदलूनच मागा.

ठोकळे कापणं

ज्या बाजूने रेझिन ओतलं तिथे एक जाड ठोकळा चिकटलेला राहतो, त्याला पोअर ब्लॉक म्हणतात. तो काढणं म्हणजे अर्धी कारागिरी. बारीक दातांची रेझर सॉ घ्या आणि पार्टला चिकटून कापू नका, एक मिलिमीटरभर ठोकळ्याच्या बाजूला कापा. सॉ कधी सरळ जाते कधी तिरकी, तिरकी पार्टमध्ये घुसली तर भरणं आलं. एकाच बाजूने शेवटपर्यंत कापू नका, चारही बाजूंनी थोडं थोडं आत जा म्हणजे शेवटी टवका उडत नाही. पक्कडने तोडायचा मोह होतो, विशेषतः बारीक पार्टांना, पण रेझिन ठिसूळ असतं, ते जिथे आपल्याला हवं तिथे तुटत नाही.

राहिलेला मिलिमीटर घासून काढायचा. जाड काचेच्या तुकड्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि पार्ट त्याच्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. नुसतं पुढे-मागे घासलं तर हाताचा दाब एका कडेला जास्त पडतो आणि पार्ट पाचरीसारखा होतो. इथे एक गोष्ट मी नेहमी करतो, जिथपर्यंत घासायचंय तिथे चारही बाजूंनी पेन्सिलने बारीक रेघ मारून घेतो आणि तळालाही पेन्सिलने काळं करतो. चार-पाच फेऱ्या मारून उलटं बघायचं, काळं कुठे गेलंय आणि कुठे राहिलंय त्यावरून लगेच कळतं की दाब कुठे पडतोय. काळं राहिलेल्या बाजूवर बोट ठेवून परत चार फेऱ्या. रेघ लागायला आली की पेपर ४०० चा घ्यायचा. दहा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर जातं पण हलचा तळ एकदा खरोखर सपाट झाला की त्याच्यावरचं पुढचं सगळं आपोआप सोपं होतं.

चाकांच्या बाबतीत एक फायदा आहे. टायरचा ठोकळा बहुतेक वेळा टायरच्या घेरावर असतो, तो कापल्यावर जी सपाट जागा राहते ती जमिनीकडे करायची. वजनाने टायर खाली थोडा दबलेला असतोच, त्यामुळे ती जागा लपते आणि गाडीला वजनही दिसतं. काही किटमध्ये टायर खाली फुगलेले दाखवलेले असतात, तिथे फुगवटा खालीच आला पाहिजे, प्रत्येक चाकावर आधी बाणाची खूण करून ठेवा.

वाकलेलं सरळ करणं

पॉलियुरेथेनचा चांगला गुण म्हणजे उष्णतेने ते मऊ होतं आणि गार झालं की ज्या आकारात धरलंय त्या आकारात राहतं. उकळतं पाणी नको, उकळून गॅस बंद केल्यावर दोन मिनिटांनी जे पाणी असतं ते बरोबर. पातळ पार्ट, म्हणजे मडगार्ड, बाजूच्या पट्ट्या, यांना दहा-पंधरा सेकंद पुरतात. हलचा जाड तळ असेल तर दोन-तीन मिनिटं लागतात कारण आतपर्यंत उष्णता गेली पाहिजे, वरवर मऊ झालेलं वाकवलं की परत येतं किंवा चिरतं. चिमट्याने बाहेर काढा, काचेवर ठेवा, वरून दुसरी सपाट गोष्ट दाबा आणि तसंच धरून गार पाण्यात घाला. एका वेळी पूर्ण नाही झालं तर दोनदा तीनदा करा, पण जोर लावू नका, पार्टला स्वतःहून मऊ होऊ द्या.

पीळ पडलेला असेल, म्हणजे चार कोपऱ्यांपैकी एक वर, तर नुसतं सपाट करून भागत नाही, उलट बाजूला जरासा जास्त पीळ देऊन धरावं लागतं म्हणजे सोडल्यावर सरळवर येऊन थांबतं. किती जास्त ते हाताला दोन-तीन पार्टांनंतर कळायला लागतं.

आणि हेही लक्षात ठेवा की जे उष्णतेने सरळ झालं ते उष्णतेने परत वाकूही शकतं. भरीव रेझिनचा हल चांगला जड असतो, आणि तो जर रेझिनच्याच बारीक ॲक्सलवर उभा असेल तर काही वर्षांत ॲक्सल खाली झुकतात आणि चाकं फाकायला लागतात. म्हणून वजन घेणारा प्रत्येक बारीक पार्ट, ॲक्सल, सस्पेन्शनचे हात, टोइंगचे दांडे, मी पितळेच्या तारेने किंवा दांडीने बदलतो किंवा त्याच्या आत तार घालतो. किटमध्ये पार्ट दिलाय म्हणून तोच वापरायला हवा असं काही नाही. तोफेच्या नळीचं तसंच, रेझिनची लांब नळी बहुतेक वेळा वाकलेली येते आणि सरळ केली तरी भरवसा नसतो, लेथवर काढलेली ॲल्युमिनियम किंवा पितळेची नळी मिळत असेल तर सरळ ती घ्या. तोंडाचं भोक मात्र मापाने पाडा. ३७ मिलिमीटरची तोफ १/४८ मध्ये ०.७७ येते, म्हणजे ०.८ चा ड्रिल बिट. जर्मन ८८ मिलिमीटर १/३५ मध्ये २.५. भोक मोठं झालं की तोफ पाइपासारखी दिसते.

बुडबुडे

हवेचे बुडबुडे दोन प्रकारचे, एक उघडे दिसणारे आणि एक पातळ पापुद्र्याखाली लपलेले. दुसरे जास्त त्रासाचे, कारण रंग मारून झाल्यावर बोट लागलं की पापुद्रा आत जातो. पार्ट तिरक्या उजेडात धरा, जिथे जरा फिकट गोल दिसतो तिथे सुईने टोचा, आत गेली तर बुडबुडा उघडा करूनच टाका, अर्धवट झाकलेलं भरता येत नाही.

भरायला मी तीन पद्धती वापरतो. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर जाडसर सुपरग्लूचा एक थेंब टूथपिकने. त्याहून मोठं असेल तर सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर कालवून पेस्ट करायची, ती अर्ध्या-एक तासात घासावी कारण दुसऱ्या दिवशी ती रेझिनपेक्षा कडक होते आणि घासताना आजूबाजूचं रेझिनच खाली जातं. आणि गोल खोल भोक असेल, किंवा कडेला असेल, तर प्लॅस्टिक किटच्या रनरचा, म्हणजे पार्ट ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा मेणबत्तीच्या वर धरून मऊ करून ताणायचा, त्याची निमुळती काडी होते, ती भोकात घट्ट बसेपर्यंत घालायची, पातळ सुपरग्लू लावायचा, वाळल्यावर कापून घासायचं. ही पद्धत हळू आहे पण भरलेली जागा कधीच खाली बसत नाही. मोठे खड्डे, सांध्यातल्या फटी, वेल्डिंगच्या रेषा, याला दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. ती ओल्या बोटाने गुळगुळीत करता येते, आणि अर्धवट कडक असताना ब्लेडने टोचून टोचून वेल्डचा पोत काढता येतो, हे मला फार आवडतं.

बुडबुड्यामुळे रिव्हेट किंवा नटाचं डोकं उडालं असेल तर भरत बसू नका. दुसऱ्या न दिसणाऱ्या जागेवरचं डोकं नव्या ब्लेडने तासून काढा आणि इथे लावा, किंवा प्लॅस्टिकच्या षटकोनी काडीचा पातळ काप घ्या.

सगळं भरून झालं असं वाटलं की एक पातळ हात राखाडी प्राइमरचा मारा. रेझिन पांढरट किंवा पिवळट असतं, त्याच्यावर डोळ्याला काही दिसत नाही, राखाडी रंग बसला की राहिलेलं सगळं वर येतं. मला एकदाही असं झालं नाही की प्राइमरनंतर काहीच सापडलं नाही.

आता गोंद

प्लॅस्टिकचा सिमेंट रेझिनवर चालत नाही, तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो आणि पॉलियुरेथेन त्याने विरघळत नाही. म्हणजे सुपरग्लू किंवा इपॉक्सी. सुपरग्लूचा सांधा ओढायला मजबूत पण धक्क्याला कमजोर, पडलं की टक्कन सुटतो. म्हणून माझा नियम आहे की हातात धरला जाईल, बाहेर आलेला असेल किंवा वजन घेईल असा कुठलाही पार्ट तारेशिवाय चिकटवायचा नाही. ०.८ चं भोक, ०.७ ची पितळी तार. एका पार्टला आधी भोक पाडून तारेचा छोटा तुकडा घालायचा, तो जेमतेम वर दिसेल एवढा, त्याच्या टोकाला रंगाचा ठिपका लावायचा आणि जागेवर टेकवायचं, समोरच्या पार्टवर ठिपका उमटतो, तिथेच भोक. बिट फिरवायच्या आधी सुईने खड्डा करून घ्या नाहीतर बिट घसरतो, आणि हाताने फिरवायचा पिन व्हाइस वापरा, मशीनच्या वेगाने रेझिन गरम होऊन बिटला चिकटतं.

मोठे सांधे, हलचा वरचा आणि खालचा भाग, यांना मी इपॉक्सी लावतो, पाच मिनिटवाला नाही, सावकाश वाळणारा. हलवायला वेळ मिळतो आणि फटही भरून निघते. सुपरग्लू लवकर वाळावा म्हणून ॲक्सिलरेटर मिळतो, तो अगदी थोडा, जास्त मारला की गोंद फेसाळतो आणि सांधा पोकळ होतो. सांडलेला सुपरग्लू कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका, कापसाशी त्याची जोरात क्रिया होते आणि चटका बसेल एवढं गरम होतं. हेडलाइटच्या काचा आणि पेरिस्कोप यांना सुपरग्लू अजिबात नको, वाफेने पांढऱ्या पडतात, साधा पांढरा गोंद लावा.

पण बाटली उघडायच्या आधी सगळी गाडी रबरबँड आणि चिकटपट्टीने गोंदाशिवाय उभी करून बघा. काचेवर ठेवा. गुण्या लावून टरेटची रिंग आडवी आहे का बघा. आणि चाकांसाठी कागदाची पट्टी, साधा लिहायचा कागद, बोटभर रुंद, प्रत्येक चाकाखाली सरकवायची. सगळीकडे कागद सारखाच अडकला पाहिजे. एखाद्या चाकाखालून तो सहज निघून आला तर ते चाक टेकत नाहीये, डोळ्याला दिसत नसलं तरी. माझ्या ग्रेहाउंडला ही पट्टी मी गोंदाआधी लावली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. ॲक्सल चिकटवताना मी आता चाकं तात्पुरती अडकवून गाडी काचेवरच ठेवतो, इपॉक्सी लावतो, सगळ्या चाकांखाली कागद तपासतो आणि रात्रभर हात लावत नाही.

रणगाडा असेल तर ट्रॅकचं बघावं लागतं. रेझिनचे सलग ट्रॅक गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरने मऊ करून हळूहळू वळवायचे, आधी स्प्रॉकेटवर, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकावर, मग पुढे. टी-३४ ला वरचे रिटर्न रोलर, म्हणजे वरचा ट्रॅक उचलून धरणारी छोटी चाकं, नाहीतच, वरचा ट्रॅक सरळ मोठ्या चाकांवर टेकतो, म्हणून मऊ असतानाच कापसाचे बोळे वरून दाबून चाकांमध्ये झोळ आणायचा. आपल्या गाडीचा ट्रॅक कसा असायचा ते खऱ्या फोटोत बघूनच ठरवा, दुसऱ्याच्या मॉडेलवरून नको.

हँडल, कड्या, हुक असल्या गोष्टी रेझिनमध्ये दिलेल्या असतील तर ठोकळ्यातून सुटतानाच अर्ध्या तुटतात. १६ मिलिमीटरचा गज १/३५ मध्ये ०.४६ होतो, म्हणजे ०.५ ची तार वाकवली की झालं, आणि ती किटमधल्यापेक्षा चांगली दिसते.

हल्ली काही किटमध्ये थ्रीडी प्रिंटचे पार्ट येतात. तेही रेझिनच म्हणतात पण ते वेगळं, प्रकाशाने कडक होणारं. डिटेल अप्रतिम असतं पण ते जास्त ठिसूळ, गरम पाण्यात वाकवायला गेलात तर तुटायची भीती. सपोर्टच्या काड्या कापायच्या आधी कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मऊ पडतात आणि खड्डे राहत नाहीत. हे पार्ट उन्हात ठेवू नका, अजून ठिसूळ होतात.

रंगाबद्दल इथे थोडकंच. प्राइमर लॅकरचा वापरा, तो रेझिनला धरतो, पाण्याच्या ॲक्रिलिक प्राइमरचे चिकटपट्टी काढताना पोपडे निघालेले मी बघितलेत. आणि रंगाआधी परत एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, इतके दिवस आपल्या बोटांचं तेल त्याला लागलेलं असतं. पुढचं सगळं इतर कुठल्याही मॉडेलसारखंच.

मोडलेलं दुरुस्त करताना

पहिल्यांदा खाली पडलेले सगळे तुकडे गोळा करा, अगदी राईएवढा टवकासुद्धा, आणि एका झाकणाच्या डबीत ठेवा. फरशी पुसायच्या आधी मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, बारीक तुकड्यांची लांब सावली पडते आणि ते सापडतात. लगेच चिकटवायला बसू नका. आधी तुटलेल्या कडा भिंगातून बघा, सांधा सुटलाय की रेझिनच तुटलंय हे ठरवा कारण दोन्हीचा उपाय वेगळा आहे.

सांधा सुटला असेल तर जुना सुपरग्लू दोन्हीकडून पूर्ण खरवडून काढा, जुन्यावर नवा लावला तर तो जुन्यालाच धरतो, रेझिनला नाही, आणि परत तिथेच सुटतो. मग तार घालून चिकटवा. रेझिन तुटलं असेल तर तुटलेल्या कडा अजिबात घासू नका, त्या दाणेदार कडा एकमेकांत अचूक बसतात, तोच तुमचा मार्गदर्शक आहे. तुकडा जागेवर धरायचा, फटीवर पातळ सुपरग्लू टेकवायचा, तो स्वतःच आत ओढला जातो. पूर्ण वाळल्यावर बाहेरून तुकड्याच्या आरपार ०.४ चं भोक पाडून तार घाला आणि टोक घासून बुजवा.

आणि चुकीचं चिकटवलेलं सोडवायचं असेल, माझ्या ग्रेहाउंडसारखं, तर फ्रीझर. गाडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी तीन तास फ्रीझरमध्ये ठेवली. थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो. बाहेर काढल्यावर ॲक्सलच्या सांध्यात ब्लेडचं टोक ठेवून जरा पिरगळलं तर टक असा आवाज येऊन पुढचा ॲक्सल अख्खा हातात आला, रेझिनला ओरखडासुद्धा नाही. मधला सुटायला परत एकदा फ्रीझरमध्ये जावं लागलं. मग कळलं की खालच्या भागालाच पीळ होता, गरम पाण्यात तीन वेळा घालून तो काढला, रेझिनचे ॲक्सल मधोमध कापून आतून १ मिलिमीटरची पितळी दांडी घातली, आणि या वेळी कागदाच्या पट्ट्या लावून इपॉक्सीने बसवले. डिबाँडर किंवा ॲसिटोननेही सुपरग्लू सुटतो पण तो रंगही घेऊन जातो आणि प्लॅस्टिकचे पार्ट असतील तर तेही विरघळतात, म्हणून रंगवलेल्या मॉडेलला मी फ्रीझरच सांगेन. इपॉक्सीला याचा काही उपयोग नाही, ती कापावीच लागते.

कोपऱ्याचा टवका हरवलाच असेल तर तिथे चिकटपट्टीची भिंत उभी करा, खाण्याचा सोडा चिमूटभर भरा आणि वर पातळ सुपरग्लूचा थेंब, क्षणात दगडासारखं होतं. थर थर करत जरा जास्त भरा आणि कानशीने आकार द्या. हे खूप कडक होतं म्हणून फक्त कोपऱ्याला, सपाट जागेच्या मध्ये नको, तिथे इपॉक्सी पुट्टी.

पार्ट पूर्ण हरवला आणि त्याच्यासारखाच दुसरा गाडीवर आहे, समजा एक चाक किंवा एक हेडलाइट, तर गरम पाण्यात मऊ होणारी साच्याची पट्टी मिळते. ती मऊ करून चांगल्या पार्टवर दाबायची, गार झाली की अलगद सोडवायची, आणि त्या खळग्यात इपॉक्सी पुट्टी दाबून भरायची. आधी थोडीशी पुट्टी बोटाने खाचांमध्ये घासून घ्या, मग बाकीची, नाहीतर हवा अडकते. एक दिवस वाळू द्या. मागची बाजू सपाट येते, पण अशा पार्टची मागची बाजू गाडीला चिकटलेलीच असते.

शेवटी रंग जुळवणं. जुन्या मॉडेलवर त्याच बाटलीतला रंगसुद्धा जुळत नाही, कारण त्याच्यावर वॉश, म्हणजे खाचांत उतरवलेला पातळ रंग, धूळ, वॉर्निश सगळं बसलेलं असतं. मूळ रंगात थोडा फिकट, थोडा मातकट रंग मिसळून एका कागदावर ठिपके काढा, वाळू द्या, कागद गाडीच्या शेजारी धरून बघा, मगच लावा. ब्रशने टिपत टिपत, दुरुस्तीच्या जागेपासून बाहेर विरत जाईल असं, पॅनेलच्या कडेपर्यंत न्या म्हणजे सीमा दिसत नाही. पूर्ण वाळल्यावर डोळे मिटून त्या जागेवरून नख फिरवा, नखाला कड लागली तर अजून एकदा १००० च्या पेपरने ओलं घासा आणि परत टिपा, कड लागत नसेल तर मॅट वॉर्निशचा हात मारून टाका.